कावळ्याचा गेम

सत्यशीला मॅडमनी माझी पहिली गोष्ट शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढून ओढणीला पुसला आणि विचारलं, "यात मी काय करायचं?"

"वाचायची," मी म्हणाले.

"मग पुस्तक लिही. गेमच्या नादी कशाला लागतेस?"

माझं डोकं फिरलं. घाटनांदूरहून आंबाजोगाईपर्यंत मी एसटीत उभ्यानं आले होते, आणि त्या गोष्टीतल्या राजकन्येच्या मरणावर लिहिताना मी स्वतः रडले होते. पण मॅडमसमोर फणकारा दाखवून काही उपयोग नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. त्या रागावत नाहीत आणि समजूतही काढत नाहीत. आपला राग आपल्यालाच जड होईपर्यंत नुसत्या बघत राहतात.

मॅडम मूळच्या आंबाजोगाईच्याच. पुण्यात आणि हैदराबादला वीसेक वर्षं त्यांनी व्हिडिओ गेमच्या कथा लिहिल्या. वेशीवरचा पहारेकरी काय बोलेल, म्हातारी आपलं गुपित कुणाला सांगेल, हरलेल्या खेळाडूला धीर कोण देईल, हे सगळं कुणीतरी बसून लिहितं. ते लिहिणाऱ्यांत मॅडम होत्या. मग कंपनीनं लिहिणाऱ्यांचा विभागच बंद केला. त्याच सुमारास त्यांचे वडील कचरू गुरुजी अंथरुणाला खिळले, म्हणून त्या कायमच्या परत आल्या. गुरुजींची वाचा गेलेली. ते आतल्या खोलीत पडून असायचे आणि बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि मॅडमचा कॉम्प्युटर.

त्यांचं नाव मला सापडलं ते एका गेमच्या शेवटी. गेम संपला की बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकत जातात. ती कुणी वाचत नाही. मी वाचते. इंग्रजी अक्षरांच्या त्या गर्दीत 'सत्यशीला' दिसलं आणि आमच्या गल्लीतलं कुणी टीव्हीवर दिसावं तसं मला झालं. पुढं कॉलेजातल्या एका बाईंनी सांगितलं की अगं, ती तर आता इथंच असते.

गेमचं वेड मला लावलं माझ्या भावानं. सुरज माझ्याहून मोठा. वडील आम्ही लहान असतानाच गेले, त्यामुळं घरातला कर्ता तोच. भाजीपाल्याचा टेम्पो घेऊन बीडला जायचा, कधीही घरी यायचा आणि जेवता जेवता मोबाइलवर गेम खेळायचा. त्यातलं एखादं पात्र बोलायला लागलं की हा ते पुढं ढकलायचा. "वाचू दे की, काय म्हणतोय तो," मी ओरडायची. "बोलू दे गं त्याला, आपुन गाडी काढू," हा म्हणायचा. त्यानं ढकललेलं सगळं मी नंतर एकटी बसून वाचायची. गेमची कथा लिहिणं ही नोकरी असते हे कळायच्या आधीपासून माझा अभ्यास असा चालू होता.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर मांजरसुंब्याच्या चौकापुढं सुरजच्या टेम्पोला ट्रकनं धडक दिली. ढाब्यावर चहा पिऊन नुकताच निघाला होता म्हणे. याहून जास्त मला त्याबद्दल लिहवत नाही.

आई रात्री दाराला कडी लावत नाही. सुरज उशिरा यायचा म्हणून आधीही लावायची नाही, पण तेव्हा त्याला अर्थ होता. मी चिडते, चोराचिलटाची भीती घालते. ती "बरं" म्हणते आणि दार नुसतं ओढून घेते.

राजकन्येची गोष्ट परत देताना मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुझ्या घरातलं काहीतरी आण. माणसाला नुसतं सोसावं लागतं असं नको. त्याला काहीतरी करावं लागतं असं आण."

परतीच्या एसटीत मी तेवढाच विचार केला. सोसण्याच्या गोष्टी आमच्याकडं ढिगानं होत्या. करण्याची एकच आठवली.

"दहाव्याला पिंड ठेवतात," पुढच्या वेळी मी सांगायला लागले आणि थांबले. "म्हणजे तुम्हाला माहीत असेलच."

"आमच्यात नाही ते. आजोबांनी छप्पन साली सोडलं. मला काहीच माहीत नाही असं धरून सांग."

मग मी सगळं सांगितलं. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी पाण्याकाठी भाताचा पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला तर गेलेल्याचा जीव सुटला. नाही शिवला तर तो कशात तरी अडकलाय. मग नातलग एकेक करून पुढं होतात, हात जोडतात आणि अंदाजानं वचन देतात. तुझं हे राहिलं असेल तर आम्ही करू, ते राहिलं असेल तर ते करू. बरोबर वाक्य सापडलं की कावळा येतो.

"आणि नाहीच सापडलं तर?"

"दर्भाचा कावळा करतात आणि तोच टेकवतात पिंडाला."

"सुरजच्या वेळी?"

"दर्भाचा."

आमच्या भावकीत बायकांना ओढ्याकाठी नेत नाहीत. आई आणि मी घरीच होतो. तिथं काय झालं ते चुलतभाऊ पप्पूनं येऊन सांगितलं. आप्पाराव काका म्हणाले, तुझ्या घराचं राहिलेलं बांधकाम आम्ही पुरं करू. बंकट मामा म्हणाले, संस्कृतीचं लग्न थाटात लावून देऊ. पप्पू म्हणाला, तुझा टेम्पो विकणार नाही, दुरुस्त करून मी चालवीन. संस्कृती म्हणजे मी. माझ्या लग्नाचं वचन गेलेल्या माणसाला द्यायचं आणि जिवंत माणसाला विचारायचं नाही, हे मला तशा दिवसातही झोंबलं. कावळे ओढ्याकाठच्या कडुलिंबावर बसून होते म्हणे. एकही खाली उतरला नाही.

तेव्हापासून आईच्या तोंडी एकच असतं, "काय राहिलं असंल गं त्याचं?" रोज सकाळी ती कुंपणाच्या भिंतीवर भाकरीचा तुकडा ठेवून उभी राहते. कावळे येतात, तुकडा उचलून जातात. "ह्ये काय खरं न्हाई," ती म्हणते. "ह्ये तर भुकंनं आले."

आत गुरुजींनी कूस बदलल्याचा आवाज झाला, तशा मॅडम उठल्या, त्यांना पाणी पाजून आल्या आणि म्हणाल्या, "हा गेमच आहे, संस्कृती. तुला फक्त उतरवायचाय."

मी मान डोलावली, पण मनात ठरवलं ते निराळंच. हा गेम मी आईसाठी करणार होते. खऱ्या पिंडाला जो आला नाही, तो कावळा तिला एकदा तरी उतरताना दिसावा आणि तिच्या जिवाला थोडं बरं वाटावं, एवढंच मला हवं होतं.

दिवसा मी गावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात काम करते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिथल्याच कॉम्प्युटरवर गेम करत बसायची. ओढा काढला, लिंब काढला, दगडावर पिंड काढला. लिंबावर एक कावळा, तो मान इकडून तिकडं करत राहतो. खाली तीन वाक्यं, एक काकांचं, एक मामांचं, एक पप्पूचं. त्यातलं एक बोटानं दाबायचं. कावळ्याचं उतरणं मला सहजासहजी जमेना. कधी तो दगडासारखा धपकन पडायचा, कधी हवेतच अडकायचा. महिनाभरानं तो नीट पंख पसरून खाली यायला लागला आणि मी दुकानात एकटीच हसले.

मॅडम तो खेळायला बसल्या तशी मी बोलायला लागले. "तो कावळा आहे ना, तो आधी जरा—"

त्यांनी कॉम्प्युटरवरचा हात काढला. "तू गेमबरोबर प्रत्येकाच्या घरी जाणारेस का सांगायला?" मग डब्यातलं सुपारीचं खांड काढून माझ्या हातावर ठेवलं. "तोंडात धर. दुसरा खेळत असताना लिहिणाऱ्यानं मागं बसायचं आणि ही विरघळेपर्यंत बोलायचं नाही."

"सुपारी विरघळत नसते, मॅडम."

"म्हणूनच."

त्या खेळल्या. एक वाक्य दाबलं, कावळा आला. परत पहिल्यापासून सुरू करून दुसरं दाबलं, कावळा आला. तिसऱ्यालाही आला. मग माझ्याकडं वळल्या. "तिन्हींना येतो. ही फसवणूक झाली. खेळणाऱ्याला वाटतं आपण निवडलं, आणि त्यानं काहीच निवडलेलं नसतं."

मी सुपारी गालात सरकवली. "मला आईला हरवायचं नाही. एकदा हरलीय ती."

त्यावर त्यांनी वाद घातला नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणाल्या. "मग वाट बघणं तरी खरं लिही. एखाद्यानं काहीच दाबलं नाही तर?"

"कोण नाही दाबणार?"

"असतात. चांगल्या गेममध्ये तुम्ही नुसतं उभं राहिलात तरी बरोबरचं पात्र काहीतरी बोलतं. कंटाळतं, चेष्टा करतं. ती वाक्यं मी वर्षानुवर्षं लिहिली. लोक मोठे प्रसंग विसरतात आणि ती लक्षात ठेवतात. इथं कोण बोलेल?"

तिथं बोलायला एकच जण होता. मी घरी येऊन सुरजची वाक्यं लिहिली. "आई, रडू नकोस. मी तुझ्या आठवणींत सदैव आहे." अशी पानभर.

"हे कोण बोलतंय?" मॅडमनी विचारलं.

"सुरज."

"असा बोलायचा तो?"

मी कागदाची घडी घातली.

"माणूस मेला म्हणून एकदम शहाणा होत नाही, संस्कृती. होता तसाच बोलू दे त्याला."

मी उठून सरळ बसस्टँडवर गेले. मला त्यांचा एवढा संताप आला होता की रडूसुद्धा येईना. गाडी लागली, सुटली, मी बाकावरच बसून होते. मग परत त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा टाकला आणि मधल्या वेळात मी कुठं होते ते विचारलं नाही.

त्यानंतर सुरज बोलायला लागला. "आई, ऊन लई हाय. त्या कावळ्याला टोपी द्या की कुणीतरी." "पप्प्याला सांग, टेम्पोचा गिअर अडकतो. शिव्या द्यायच्या न्हाईत, हळू वढायचा." "ह्या भाताला मीठ न्हाई वाटतं." लिहिताना मला त्याचा आवाज ऐकू यायचा. दुकानात बसून मी हसायची आणि फॉर्म भरायला आलेली माणसं माझ्याकडं बघायची. तेवढे दिवस तो माझ्यापुरता परत आला होता. मला फार बरं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

"ही वाक्यं संपली पाहिजेत," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर खेळणारा कधीच दाबणार नाही, नुसता ऐकत बसेल. शेवटचं वाक्य असं लिही की त्यानंतर ह्याची पाळी संपली आणि समोरच्याची आली."

ते एक वाक्य मला काही केल्या येईना. त्याला गप्प करायचं म्हणजे आपल्या हातानं करायचं. मी टाळत राहिले, मॅडम विचारत राहिल्या. शेवटी एकदा फॉर्मवर कुणाचा तरी फोटो चिकटवताना ते सुचलं, आणि ते तिथंच खरडून मी मॅडमना नेऊन दाखवलं.

"आई, समदे बोलले. तू कायच बोलली न्हाईस."

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला, पण पुसला नाही. "हे राहू दे," म्हणाल्या. माझ्या लिहिण्याला त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं. येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि घाटनांदूर येईपर्यंत मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत होती. मी मोबाइल तिच्या पुढ्यात धरला.

"सुरजच्या दहाव्याचा गेम केलाय. बघ."

"मला कुठं येतंय त्यातलं?"

"काही यावं लागत नाही. वाचायचं, आणि तुला पटेल त्याच्यावर बोट ठेवायचं."

तिनं सूप बाजूला सारलं. हात धुतले, पायही धुतले आणि भिंतीला टेकून बसली. मी तिच्या मागं जाऊन बसले आणि सुपारी तोंडात टाकली.

आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. अक्षराला अक्षर लावत मोठ्यानं वाचते. "तुझ्या... घराचं... बांधकाम. ह्ये भाऊजींचं." मग दुसरं वाचलं. "ह्ये दादाचं." मग तिसरं. "ह्ये पप्प्याचं. समदं तसंच घातलंस की." तिचं बोट वाक्यांवरून फिरलं आणि परत मांडीवर आलं. मला वाटलं, नीट विचार करून दाबायचं असेल.

तेवढ्यात सुरजचं पहिलं वाक्य आलं. "आई... ऊन... लई हाय." कावळ्याच्या टोपीपर्यंत आली तेव्हा तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. दिवाळीपासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

मग ती काहीच दाबेना. दाबलं नाही की तो बोलतो, हे तिला लगेच कळलं होतं. गिअरचं वाक्य आल्यावर "सांगते त्याला" म्हणाली. मिठाचं आल्यावर म्हणाली, "पिंडाला मीठ नसतंय रं बाळा." मी मागं बसून मनात म्हणत होते, आई, दाब आता, दाब, तो येतो.

शेवटचं वाक्य आलं. तिनं ते दोनदा वाचलं. मग डोक्यावरून पदर घेतला, पाठ सरळ केली, मोबाइल समोरच्या पाटावर ठेवला आणि त्याच्यापुढं हात जोडले.

"मला कुणी नेलंच न्हाई रं तिथं," ती म्हणाली. "घराचं भाऊजी बघतील. गाडीचं पप्प्या बघंल. संस्कृतीचं तिचं ती बघंल, लई खट हाय ती." मग दाराकडं वळून बघितलं. "तू यशील म्हनून मी कडी लावत न्हाई. त्यात जीव अडकला असंल तुझा, तर आजपासून लावते. जा तू."

आणि ती कावळ्याकडं बघत राहिली.

मोबाइलला कान नव्हते. मी तिच्यासाठी तीन वाक्यं ठेवली होती आणि तिन्ही तिथं गेलेल्या पुरुषांची. त्यातलं कुठलंही दाबलं असतं तरी कावळा आला असता. तिचं स्वतःचं वाक्य मी लिहिलंच नव्हतं, कारण मी तिला ते कधी विचारलंच नव्हतं. कावळा लिंबावर बसून मान इकडून तिकडं करत होता, जशी मी काढली होती तशी. सुरजकडं बोलायला आता काही उरलं नव्हतं. आई पापणी न हलवता बघत होती.

मी सुपारी थुंकली. "आई, त्यातलं एखादं दाब. कुठलंही दाब. येतो तो."

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. "कुठलंबी दाबलं तरी येतो?"

"हो."

"मंग त्यो कशाला आला म्हनायचा," ती म्हणाली. मोबाइल उचलून माझ्या हातात दिला, पदर खाली घेतला आणि सूप पुढं ओढलं. "मी बोलले तवा तर न्हाई आला."

मी मॅडमना फोन केला. झालं ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मलाही दिसलं नाही ते. मी खेळणारीचा विचार करत होते. तुझी आई खेळत नव्हतीच."

त्याच दुपारी दुकानात बसून मी चौथं वाक्य घातलं, कडीचं. कावळा फक्त त्यालाच येईल असं केलं, बाकीच्या तिन्हींना नाही. आता तो गेम खरा झाला असं मॅडमही म्हणतील. आईला दाखवायला गेले तर तिनं मिरच्यांवरून मान वर केली नाही. तो कावळा मी एकटीनंच उतरताना बघितला. चांगला उतरतो, पंख पसरून.

सकाळी उठले तेव्हा दाराला कडी नव्हती, दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. आई कुंपणाच्या भिंतीवर भाकरीचा तुकडा ठेवून उभी होती.